ड्रायव्हर व्हॅन आयडलवर न ठेवता बंद करतो. टर्बो गेला तर खर्च त्याच्या पगारातून कापावा का?

डिझेल व्हॅनचा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) थंड कसा होतो आणि बंद करण्याआधी दोन मिनिटं गाडी सुरू ठेवावी लागते का, एवढंच विचारलं असतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ड्रायव्हरच्या पगाराचं लिहिलं आणि माझं डोकं तापलं. आमच्या घरात याच गोष्टीवरून भांडण झालंय, अजून पुरतं मिटलेलं नाही.

कापू नका. आधी टर्बोच्या तेलाचे दोन्ही पाइप खोलून पाहा, मग कोणाला काय बोलायचं ते बोला.

चांदूर बाजार तालुक्यात मी आणि माझे भाऊजी मिळून सतरा सीटांची डिझेल व्हॅन चालवायचो. उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडं, पावसाळ्यात चिखलदरा, एरवी शेगाव. भाऊजी जुने ट्रकवाले. बिनटर्बोच्या गाड्यांवर हयात गेली, त्यामुळे टर्बो म्हणजे आताचं फॅड असं त्यांचं ठाम मत. (आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने त्याचं पेटंट १९०५ सालीच घेतलंय, हे मी सांगून पाहिलं. फरक पडला नाही.) कोणीतरी त्यांच्या डोक्यात दोन मिनिटांचं भरवलं आणि भाऊजी ते व्रतासारखं पाळू लागले. घरून पेट्रोल पंपापर्यंत गाडी नेली तरी घड्याळ बघून दोन मिनिटं आयडल. मात्र ऑइल बदलायची वेळ आली की "अजून चिकट आहे ना, चालते." आणि बदलायचंच झालं तर ड्रममधलं सुटं तेल.

गाडीवर गावातलाच एक पोरगा ठेवला होता. हात चांगला, फक्त गाडी थांबली की लगेच चावी फिरवायची सवय. नागपूरहून एका रात्री रिकामी गाडी आणताना कोंढाळीच्या पुढे पिकअप गेला, मागे निळा धूर. टोचन करून अमरावतीला एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने टर्बोचा फॅन बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाला, "गरम असतानाच बंद करत असाल." झालं. भाऊजींना आरोपी मिळाला. त्या महिन्यापासून पोराच्या पगारातून हप्ता कापणं सुरू.

मी म्हटलं, भाऊजी, तेलाचा पाइप एकदा खोलून तर पाहू जी. उत्तर आलं, "मले नोको शिकवू. मी ट्रक चालवत होतो तवा तू शाळेत जात होता." नवीन टर्बो बसला, पाइप जुनाच राहिला. पोरगा थोड्याच दिवसांत काम सोडून गेला.

मग श्रावणातली चिखलदऱ्याची फेरी. स्टिअरिंगवर स्वतः भाऊजी, बाजूला मी, मागे गाडी भरून माणसं. परतवाड्याहून घाट चढत वरपर्यंत आलो, तशी टर्बोची शिट्टी वेगळी ऐकू यायला लागली. मग धूर. भाऊजींनी गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली, तर इंजिन बंदच होईना. उलट रेस वाढत चालली. चावी हातात आणि गाडी बोंबलतेय. डिझेल इंजिनात फुटलेल्या टर्बोतून तेल हवेच्या वाटेने आत गेलं की तेच जळतं. पंपाचं डिझेल तोडून काही उपयोग नसतो. मी ओरडलो, टॉप गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा. भाऊजींनी केलं, गाडी हिसका खाऊन बंद पडली. (ऑटोमॅटिक गाडीत ही सोय नाही. तिथे हवेचं तोंड फळीने किंवा जाड पुठ्ठ्याने झाकायचं. हात किंवा फडकं लावू नका, ओढून घेते.) पॅसेंजर धुक्यात कणसं खात बसले आणि आम्ही परतवाड्याहून दुसरी गाडी मागवली.

परतवाड्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आमचं काहीही ऐकून न घेता आधी पाइप खोलले. टर्बोला तेल आणणारी बारीक नळी आतून कार्बनने इतकी भरलेली की तार जेमतेम जाई. तेल परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) नेणाऱ्या जाड पाइपच्या तोंडाशी गॅस्केटऐवजी (सांध्यात बसवायच्या पट्टीऐवजी) कोणीतरी भरपूर सिलिकॉन फासलेलं, ते आत फुगून अर्धं भोक बंद. इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) उलटा केला तर पहिल्या टर्बोने ओकलेलं तेल अजून त्यातच. म्हणजे नवा टर्बो बसवला तेव्हाच त्याचं मरण ठरलं होतं. मिस्त्री म्हणाला, "टर्बोले काय दोष देता जी? त्याचं जेवण बी बंद अन् मोरी बी बंद."

हे कळायला टर्बो आतून कसा जगतो ते बघा. एका बाजूचा फॅन सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराने फिरतो. डिझेलमध्ये पूर्ण लोडवर तो धूर ६००-७०० अंशांच्या घरात असतो. दुसऱ्या बाजूचा फॅन इंजिनात हवा दाबतो. मधला शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि तो टेकलेला असतो फक्त तेलाच्या पातळ थरावर. तेल त्याला तरंगत ठेवतं आणि तेलच त्याची उष्णता घेऊन चेंबरमध्ये जातं. परत जाताना मागे पंप नसतो, तेल नुसतं उतारावर वाहतं. म्हणून रिटर्न पाइप जाड आणि सरळ असावा लागतो. तो तुंबला की तेल टर्बोच्या पोटात साचतं आणि दोन्ही टोकांनी बाहेर पडतं. तिथे रबरी सील नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात. त्या साचलेलं तेल अडवू शकत नाहीत. लोक म्हणतात सील गेलं. पुष्कळदा त्या रिंगा धडधाकट असतात.

आता तुमची दोन मिनिटं. गाडी बंद केली की ऑइल पंप बंद, पण तापलेल्या लोखंडाची धग मधल्या भागात शिरतच राहते. तिथे उभं असलेलं तेल करपून त्याचा कार्बन होतो. म्हणून घाट चढून वर पोचल्यावर, किंवा हायवेवर भरल्या गाडीने पळत येऊन थेट ढाब्यावर थांबल्यावर एक-दोन मिनिटं आयडल हवाच. पण गावात शिरताना शेवटचा किलोमीटर तुम्ही म्हशींच्या मागून दुसऱ्या गिअरमध्ये आलात तर टर्बो वाटेतच निवलेला असतो. घाट उतरून आलात तरी तेच, उतारावर पाय उचललेला असतो आणि टर्बोतून जवळजवळ नुसती हवाच जाते. पंपापर्यंत जाऊन दोन मिनिटं थांबणारे भाऊजी डिझेलच जाळत होते.

त्यापेक्षा वाईट सवय म्हणजे बंद करताना एक जोरदार रेस मारून चावी फिरवणं. आपल्याकडे जुने ड्रायव्हर हमखास करतात. टर्बो पूर्ण वेगात फिरत असताना त्याचं तेल तोडलं जातं. तसंच सकाळी सुरू करताच रेस देणं. डिसेंबरच्या थंडीत तेल वरपर्यंत पोचायला जरा वेळ लागतो, ऑइलचा दिवा विझून थोडा वेळ जाऊ द्या. तुमचा ड्रायव्हर यातलं काही करत असेल तर त्याला नीट समजावून सांगा. तेवढंच.

भाऊजी आजही म्हणतात की दुसऱ्या टर्बोचं ठीक आहे, पहिला पोरानेच घालवला. माझं म्हणणं सरळ आहे. नळीत एवढा कार्बन एक-दोन दिवसांत बसत नाही. पोरगा दिवाळीनंतर आला, आणि त्या तेलाचं वय त्याच्या नोकरीपेक्षा जास्त होतं. जुनं, सुटं तेल उष्णतेत आधी मोडतं. चांगलं तेल वेळेवर बदललं असतं तर त्याच्या घाईने चावी फिरवण्याचा एवढा त्रास झाला नसता. घाईने बंद केल्यानेही कार्बन धरतो, हे मला मान्य आहे. पण तेलाचे पैसे वाचवणाऱ्या मालकाने ड्रायव्हरकडून वसुली करायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मालकाने काय करायचं? कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं सीलबंद तेल, फिल्टरसकट, वेळेवर. टर्बो बदलताना तेलाची नळी नवी, रिटर्नला गॅस्केटच, इंटरकूलर धुऊन, आणि सुरू करण्याआधी टर्बोत तेल जायच्या भोकात तेल ओतून. एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधला होज फाटला असेल तर आमच्या शिवारातली धूळ फॅनची पाती खाते. थंड गाडीत होज काढून फॅन हलवून पाहा. बाजूला किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर सरकला किंवा बॉडीला घासला तर गेला समजा.

इंटरकूलर टर्बोला थंड करतो असं समजणारेही भेटतात. तो हवा थंड करतो. दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर तापते, ती निवली की इंजिनात जास्त मावते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास गाडी उभी राहत असेल तर इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीवर रुई गादीसारखी बसते. मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की गाडी चढावर का मरते ते मग टर्बोत शोधत बसतात. आतल्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंगच्या जेटने जाळी वाकते.

एक राहिलं. हे सगळं मुख्यतः जुन्या गाड्यांना लागू. एप्रिल २०२० नंतरची, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमाची असेल तर तिच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो. तिला उगाच तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, फिल्टर तुंबतो. तेलही जळल्यावर कमी राख सोडणारंच लागतं, सुटं चालतच नाही. काही गाड्यांत टर्बोला पाण्यानेही थंड करतात. त्यात इंजिन बंद झाल्यावरही तापलेलं पाणी आपोआप थोडा वेळ फिरत राहतं, म्हणून घाईने बंद केलेलं जास्त सोसतं. तुमची कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. गाडी थंड असताना बॉनेट उघडून टर्बोच्या मधल्या भागाला किती पाइप आहेत ते मोजा. वर एक बारीक आणि खाली एक जाड, एवढेच असतील तर फक्त तेलावर. आणखी दोन असतील तर पाणीही आहे.