धुवायचं कंडिशनर रात्रभर केसांवर ठेवलं तर चालेल का?

केस कंबरेपर्यंत आहेत, टोकांना फाटे फुटलेत, आणि मैत्रीण म्हणते की नेहमीचंच कंडिशनर रात्री मुळांपासून भरपूर चोपडून, प्लॅस्टिकची टोपी घालून झोप आणि सकाळी धू. असं केलं तर काही अपाय होईल का, असं तुम्ही विचारलंय. तुम्हीही ग्वाल्हेरच्याच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथल्या लष्कर भागात माझं छोटं पार्लर आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे खुर्चीत बसल्या बसल्या विचारला जातो.

मुळांना लावून, वर टोपी घालून झोपू नका. केसांच्या खालच्या भागाला, थोडंसं, आणि तेही ‘लावून ठेवायचं’ असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर खुशाल लावा.

कंडिशनरचं काम मुळात काही मिनिटांतच होतं. झिजलेल्या केसावर ऋण (निगेटिव्ह) विद्युत भार असतो, आणि कंडिशनरमधले मुख्य घटक धन (पॉझिटिव्ह) भाराचे असतात, म्हणून ते केसाकडे ओढले जातात. बाटलीच्या मागे बेहेनट्रिमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असं लिहिलेलं दिसेल, तेच हे. जिथे केस जास्त खराब, तिथे ते जास्त चिकटतात. पण पंगतीतले पाट भरले की उरलेल्यांना ताटकळत उभं राहावं लागतं, तसंच इथे होतं. जागा भरल्या की वरचं कंडिशनर नुसतं बसून राहतं. त्यामुळे पाच-सात मिनिटांत जे मिळालं, त्याहून सात तासांत फारसं वेगळं काही हाती लागत नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा, निर्जीव असतो. तो रात्रभर काही ‘पीत’ नाही, आणि फुटलेला फाटा कशानेही सांधला जात नाही. तो कापावाच लागतो.

आता अपायाचं. धुवून टाकायच्या वस्तूचं प्रमाण ‘दोन-पाच मिनिटं त्वचेवर राहील’ हे धरून ठरवलेलं असतं. त्यात बुरशी-जंतू होऊ नयेत म्हणून जे परिरक्षक घालतात, त्यातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे त्वचेच्या ॲलर्जीसाठी बदनाम आहे. युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत २०१७ पासून त्याला बंदी आहे, धुवून टाकायच्या वस्तूंत मात्र ०.००१५ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे तोच घटक, फरक फक्त तो त्वचेवर किती वेळ राहतो याचा. तुमच्या बाटलीवर हे नाव असेल तर ते रात्रभर मानेला आणि कानामागे लागून राहू देऊ नका. प्लॅस्टिकच्या टोपीखाली तर ऊब आणि ओल दोन्ही कोंडतात, त्यात त्वचा जास्त चुरचुरते.

पार्लरमध्ये मला हे लगेच ओळखू येतं. कपाळावर, अगदी केसांच्या रेषेला लागून, दाण्यासारख्या बारीक पुळ्यांची ओळ. गालावर काही नाही, हनुवटीवर नाही, फक्त जिथे केस टेकतात तिथे. विचारलं की समजतं, रात्री काहीतरी लावून झोपण्याची सवय असते. ज्यांना आधीच कोंडा आहे त्यांनी तर टाळू रात्रभर ओली आणि चिकट ठेवूच नये, खाज वाढते. आणि उशीवरून डोळ्यांत गेलं तर हे धन भाराचे घटक चांगलेच झोंबतात. गेलंच तर चोळू नका, भरपूर पाण्याने डोळे धुवा.

ओल्या केसांनी झोपणंही टाळा. भिजलेला केस फुगतो, कमकुवत होतो, आणि कूस बदलताना उशीवर घासला की तुटतो. म्हणजे टोकं वाचवायला जे करताय त्यानेच टोकं जातील.

तरीही रात्री काही लावायचंच असेल तर असं करा. केस पूर्ण वाळू द्या. लीव्ह-इन, म्हणजे न धुता लावून ठेवायचं, कंडिशनर वाटाण्याएवढं तळव्यावर घ्या, दोन्ही तळहातांना चोळा, आणि कानाच्या खालपासून टोकांपर्यंत हात फिरवा. वर जाऊ नका. तळव्यावर पांढरं दिसत राहिलं तर ते जास्त झालं, पुसून टाका. मग सैल वेणी घाला आणि जुन्या साडीच्या मऊ सुती तुकड्यात गुंडाळा. अभ्रा वरचेवर बदला. नवी वस्तू असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट पाहा. लाल झालं, खाजलं, तर ती तुमच्यासाठी नाही.

मला स्वतःला मात्र न्हाण्याच्या आदल्या रात्रीचं खोबरेल जास्त पटतं. २००३ साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. केसांतल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी झाली ती फक्त खोबरेलाने. संशोधक तेल बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, हे लक्षात घेऊनही मला त्यात तथ्य वाटतं, कारण खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि न्हाताना केस कमी फुगतो. कोंडा असेल तर हेही टाळूला नको, फक्त लांबीला.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या घरी तिघ्रा धरणाचं पाणी येतं की बोरिंगचं? आमच्या गल्लीतल्या बोरिंगच्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरी खरबरीत पुटं चढतात, नखाने खरवडावी लागतात. तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवरही बसतं, आणि मग कितीही कंडिशनर लावा, केस झाडूसारखेच. अशा पाण्यासाठी अधूनमधून ईडीटीए (हे क्षार पकडून धुवून काढणारा घटक) असलेला शाम्पू वापरा आणि शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या. मे महिन्यात लू चालू असताना बाड्यावर (महाराज बाड्याच्या बाजारात) जायचं तर केस मोकळे सोडू नका, ओढणीने पूर्ण झाका. टोकांच्या कोरडेपणाचं निम्मं कारण मला तरी इथेच दिसतं.

टाळूला जखमा, पू, किंवा केसांचे पुंजके जात असतील तर मला किंवा कुठल्याही पार्लरवालीला विचारत बसू नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. नसेल तर आधी टोकं बोटभर कापून घ्या, मग लीव्ह-इन आणा.