कोल्हापूरला मित्रांसोबत एक दिवस

पहिल्यांदाच चाललायस, म्हणून सांगतो. सकाळी लवकर अंबाबाईचं दर्शन घे, गर्दी कमी असते. मग मिसळ. इथे ती स्लाइस पावासोबत येते आणि कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळा मागता येतो. आधी थोडाच घ्या, चव बघा, मग वाढवा. भवानी मंडप, शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग हे कुस्तीचं मैदान चालतच बघा. तालमीची ओढ असलेला एखादा मित्र तिथून हलणारच नाही, त्याला वेळ द्या.

दुपारी मटणाचं ताट. पांढरा रस्सा आधी, गरम असतानाच प्यायचा; तांबडा भाकरीबरोबर. पोटात जागा हवी, म्हणून सकाळी दुसरी प्लेट टाळा, माझं ऐक. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध.