गॅरेजातली सुतारशाळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक गॅरेजमध्ये घरगुती सुतारशाळा मांडण्याबद्दल आहेत. यंत्र कोणतं घ्यावं हे बऱ्याच जणांनी विचारलं आहे, पण जागा, वीज आणि धूळ यांचा बंदोबस्त आधी करावा असं आमचं मत आहे. म्हणून ते प्रश्न आधी घेतले.

प्रश्न : गॅरेज १० फूट रुंद आणि १८ फूट लांब आहे. टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत), वर्कबेंच आणि ड्रिल प्रेस (स्टँडवर बसवलेलं उभं ड्रिल) यांची मांडणी कशी करावी?

उत्तर : यंत्रांच्या जागा ठरवण्याआधी लाकडाची वाट ठरवा. ८ फुटी फळी टेबल सॉवर उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे ८ फूट, पलीकडे ८ फूट आणि तुम्हाला उभं राहायला दोनेक फूट लागतात. म्हणजे तुमची १८ फुटांची लांबी जेमतेम पुरेल, तीही सॉ लांबीच्या दिशेने, मध्यावर ठेवला तर. कोपऱ्यात सरकवलेल्या सॉवर लांब फळी चिरताच येत नाही आणि थोड्याच दिवसांत त्यावर सामान साठू लागतं. शटरसमोर मोकळी जागा असेल तर शटर उघडून ती काही फुटं वापरा.

सॉच्या पलीकडे लगेच वर्कबेंच ठेवा. बेंचचा माथा सॉच्या टेबलापेक्षा २-३ मिमी खाली हवा. दोन्ही अगदी एका पातळीत ठेवले की बेंच जरा हलला तरी त्याची कड वर येते आणि पुढे सरकणाऱ्या फळीचं टोक तिला अडतं. अडलेली फळी रेटली की ती तिरकी होऊन पात्याच्या मागच्या दातांवर दाबली जाते आणि उसळून तुमच्याकडे येते. सॉबरोबर आलेला रायव्हिंग नाइफ (पात्यामागची पातळ धातूची पट्टी) काढून ठेवू नका, तो नेमका हे टाळण्यासाठीच असतो. उसळलेली फळी पात्याच्या रेषेतच सुटते, म्हणून त्या रेषेत घराचं दार येणार नाही असं बघा आणि स्वतःही त्या रेषेच्या बाजूला उभे राहा.

८ बाय ४ फुटांचा, १८ मिमी जाडीचा प्लाय ३५ किलोच्या आसपास भरतो. तो एकट्याने सॉवर चढवू नका. जमिनीवर २ इंच जाड थर्माकोल अंथरा, त्यावर प्लाय चांगली बाजू खाली करून ठेवा, वर सरळ पट्टी क्लॅम्पने धरा आणि हातात धरायच्या चक्री करवतीने कापा. करवतीचे दात खालून वर येतात, त्यामुळे चिपा वरच्या बाजूच्या निघतात. पात्याची खोली जाडीपेक्षा ३ मिमीच जास्त ठेवा. तुकडे ५ मिमी मोठे कापून नेमकं माप नंतर सॉवर काढा.

ड्रिल प्रेस भिंतीला चालतो, फक्त दोन कपाटांच्या बेचक्यात नको. लांब फळीच्या मधोमध भोक पाडताना दोन्ही बाजूंना मोकळीक लागते. यंत्रांना चाकं लावणार असाल तर ३ ते ४ इंचांची, फिरणं आणि वळणं दोन्ही अडवणारी घ्या. लहान चाकं एखाद्या स्क्रूवर किंवा ढलपीवर अडतात आणि यंत्र कलंडतं.

प्रश्न : वर्कबेंच घरीच बनवला आहे. रंधा मारताना तो डुगडुगतो. पाय जाड करू का?

उत्तर : पाय बहुधा पुरेसे जाड असतील, दोष सांध्यात आहे. रंधा मारताना आडवा जोर येतो आणि तो पेलायला खाली आडव्या पट्ट्या नसल्या की चौकोनाचा तिरका चौकोन होतो. जमिनीपासून ६ इंचांवर पायांना जोडणाऱ्या, ५-६ इंच रुंद पट्ट्या लावा आणि त्या नुसत्या स्क्रूंनी न धरता १० मिमीच्या बोल्टने आवळा. लाकूड हंगामागणिक आकसतं. बोल्ट तेव्हा पुन्हा आवळता येतो, स्क्रूचं भोक मात्र मोठंच होत जातं. या पट्ट्यांवर फळी टाकून जड सामान ठेवा.

गॅरेजची जमीन बहुधा दाराकडे उतरती असते. त्यामुळे पायांखाली उंची कमी-जास्त करणारे बोल्ट बसवा. मग माथ्याच्या दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका टोकाकडून डोळा लावा. पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर माथ्याला पीळ आहे, आणि त्यावर रंधलेली प्रत्येक फळी तोच पीळ घेईल.

उंचीसाठी सरळ उभं राहून हात सैल सोडा आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोजा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे साधारण ३२ इंच येतं. हातरंध्यासाठी ही उंची उत्तम. सॉचं टेबल याहून फार खाली-वर असेल तर बेंच बदलू नका, सॉचा स्टँड बदला.

प्रश्न : करवत आणि व्हॅक्यूम एकत्र चालू केले की ट्रिप होतं. एक्स्टेन्शनवर करवतीची मोटरही तापते.

उत्तर : १४०० वॅटची करवत २३० व्होल्टवर ६ अँपिअर घेते, १२०० वॅटचा व्हॅक्यूम ५ अँपिअरहून थोडं जास्त. सुरू होताना मोटर काही क्षण याच्या कित्येक पट ओढते. घरातल्या दिव्यांच्या लाइनला हे पेलत नाही. गॅरेजसाठी १६ अँपिअरच्या दोन वेगळ्या लाइनी, २.५ चौरस मिमीच्या तारेने, परवानाधारक वायरमनकडून टाकून घ्या. एकीवर करवत, दुसरीवर व्हॅक्यूम. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. दिवे मात्र तिसऱ्या लाइनीवर ठेवा. करवतीने लाइन ट्रिप केली तरी पातं काही वेळ फिरत राहतं, आणि तेव्हा अंधार होणं फार धोक्याचं.

मोटर तापण्याचं कारण बहुतेक बारीक तार. ०.७५ चौरस मिमीच्या २५ मीटर तारेत ६ अँपिअरला ७-८ व्होल्ट गळतात, सुरुवातीच्या धक्क्याला त्याच्या कित्येक पट. किमान १.५ चौरस मिमीची, गरजेपुरतीच लांब तार वापरा. रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या तारेतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तिचं आवरण वितळतं.

प्रश्न : धुळीसाठी व्हॅक्यूम आहे, पण फिल्टर दर दहा मिनिटांनी तुंबतो.

उत्तर : व्हॅक्यूमच्या आधी झाकणावर सायक्लोन (धूळ वेगळी करणारा शंकू) बसवलेली २० लिटरची जाड बादली जोडा. हवा गोल फिरते, ढलप्या आणि बहुतेक भुसा बादलीत पडतो, फिल्टरपर्यंत फारच थोडं जातं. दोन चुका नेहमी होतात. बादली पातळ असली की पाइप तुंबताच ती आत चेपते; अशी बादली दुसरीत बसवून दुहेरी करा. आणि झाकणाला फट राहिली की तिथून येणारी हवा खाली पडलेली धूळ पुन्हा वर उचलते, सायक्लोन असून नसल्यासारखा होतो. झाकणाला फोमची पट्टी लावा.

सॅन्डर, राउटर, चक्री करवत यांना व्हॅक्यूम पुरतो. टेबल सॉ आणि थिकनेस प्लेनरला (फळीची जाडी एकसारखी करणारं यंत्र) पुरत नाही, कारण व्हॅक्यूमची ओढ जोरदार असली तरी हवेचं प्रमाण कमी असतं. त्यांना ४ इंची पाइपचा डस्ट कलेक्टर लागतो.

डोळ्यांना दिसणारा भुसा झाडून निघतो. खरी काळजी हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्ककारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. रुमाल तिला अडवत नाही; एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क घाला आणि यंत्र थांबल्यावरही लगेच काढू नका.

प्रश्न : भिंतीवर हत्यारं टांगायला फ्रेंच क्लीट (कड तिरकी कापलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या) लावल्या, पण त्या भिंतीतून उपटून येतात.

उत्तर : स्क्रू आखूड पडले आहेत. १८ मिमी पट्टी आणि साधारण १५ मिमी प्लास्टर पार केल्यावर ५० मिमीच्या स्क्रूचा जेमतेम १७ मिमी भाग विटेत जातो. ७५ मिमीचे स्क्रू आणि विटेत पूर्ण उतरणारे ८ मिमीचे प्लग वापरा, दर १६ इंचांना एक. भिंतीवरच्या पट्टीचा ४५ अंशांचा उतार भिंतीकडे खाली जाणारा हवा. उलटा लावला तर टांगलेलं कपाट पुढे घसरतं.

प्रश्न : आणलेल्या फळ्या महिन्याभरात वाकतात आणि रंध्यांना गंज चढतो.

उत्तर : काँक्रीटची जमीन ओल सोडते. फळ्या जमिनीपासून निदान ६ इंच वर ठेवा आणि दोन थरांमध्ये २० मिमीच्या रिपा दीड-दोन फुटांवर, एकाखाली एक अशा ओळंब्यात घाला. रिपा पुढे-मागे झाल्या की फळी त्या मापाने वाकते. टोकांना मेण किंवा रंग लावा, कारण टोकं आधी सुकतात आणि तिथूनच तडे जातात. ३०० मिमी रुंद, चपट्या चिरलेल्या सागाच्या फळीतला ओलावा ४ टक्क्यांनी घटला तर ती सुमारे २ मिमी आकसते, म्हणून जोडकामाआधी तिला काही आठवडे गॅरेजमध्येच मुरू द्या.

हत्यारांवर सिलिकॉन नसलेलं पेस्ट मेण महिन्यातून एकदा चोळा. सिलिकॉन लाकडाला लागलं तर पॉलिशवर फोडांसारखे खळगे पडतात. यंत्रं प्लॅस्टिकने झाकू नका, आत दव साठतं. सुती चादर बरी.

प्रश्न : अळशीच्या तेलाच्या चिंध्या डब्यात जमवून ठेवल्या तर चालतील का?

उत्तर : अजिबात नाही. हे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. चोळामोळा केलेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि काही तासांत चिंधी ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते. जवळ भुसा असला तर आग लगेच पसरते. चिंध्या घराबाहेर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा आणि नंतर टाकून द्या.