२३ डिझाइन पॅटर्न कोणत्या क्रमानं शिकावेत?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षांचा अनुभव आहे, सगळे डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोडमधल्या नेहमीच्या अडचणींवरची ठरलेली उत्तरं, कोणत्या क्रमानं शिकू. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की टीममधले सिनियर म्हणतात, "हे सगळं पुस्तकी, ग्राहक याचे पैसे देत नाही." क्रमाचं नंतर बघू. ते दुसरं वाक्य मी नाशिकमध्ये शब्दन्‌शब्द ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

२०१६ साली मी इथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात होते. आमचे बरेचसे ग्राहक म्हणजे पिंपळगाव, लासलगाव भागातले आडतदार. सकाळी कांद्याचा लिलाव, मग काट्यावर वजन, मग शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी: एकूण रकमेतून हमाली, तोलाई, वाराई आणि आडत, म्हणजे आडतदाराचं कमिशन, वजा. आमच्या प्रोग्रॅममध्ये हे गणित सेव्ह बटणाच्या क्लिकमध्ये होतं. तेच पुन्हा पट्टी छापणाऱ्या क्रिस्टल रिपोर्टमध्ये, तेच शेतकरी खात्याच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच ठेवलेला कोड), रोजकीर्दीत आणखी वेगळं.

मी दोन शनिवार घरी बसून प्रत्येक कपातीचा वेगळा क्लास, म्हणजे कोडचा स्वतंत्र तुकडा, केला. त्याला वजन, भाव आणि तारीख द्यायची. तो रक्कम सांगणार आणि ती कोणाच्या नावावर टाकायची तेही सांगणार. साधी स्ट्रॅटेजी: बदलू शकणारा प्रत्येक नियम वेगळा ठेवायचा पॅटर्न. ऑफिसातल्या सरांनी ती सगळ्यांसमोर काढून टाकली. "अगं, दर सेटिंगच्या टेबलात आहेत ना? बदलले तर तिथे आकडा बदलू. कांद्याच्या पट्टीला एवढं कशाला?"

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं भाजीपाला-फळांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. प्रश्न दराचा नव्हताच, देणारा बदलला होता. आणि देणारा आमच्या कुठल्याही टेबलात नव्हता. तो सात ठिकाणच्या वजाबाकीच्या चिन्हात होता. दर शून्य करावा तर खरेदीदाराच्या बिलात आडत येईना, शिवाय जुनी पट्टी पुन्हा छापली की तिच्यातूनही आडत गायब.

मला सहा जागा सापडल्या. सातवी होती दुरुस्ती पट्टीची स्क्रीन, वजनात चूक झाली की वापरायची. ती राहून गेली, आणि १८ शेतकऱ्यांची आडत कापली गेली. त्या दिवशी मी त्या आडतदाराच्या दुकानातच होते. चांदवडकडचे एक बाबा पट्टी हातात धरून आले आणि मलाच विचारलं, "ताई, आडत बंद झाली ना? मग हे काय कापलं?" कांद्याचा भाव आधीच पडलेला. मी मान खाली घालून उभी राहिले. ऑफिसात ठरलं की माझं टेस्टिंग कच्चं. त्या दोन शनिवारांचं नाव कोणी काढलं नाही.

"सोपं ठेवा" म्हणणाऱ्या बहुतेकांना सोपं लिहिणं आणि हाताला येईल तसं लिहिणं यातला फरक कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढे एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाई-वाराईच्या कपातीवरून जिल्ह्यात लिलाव थांबले. मी ते ऑफिस कधीच सोडलं होतं, तरी बातमी वाचताना डोळ्यांसमोर त्याच सात जागा आल्या.

आता क्रम. २३ हा आकडा एरिक गॅमा आणि इतर तिघांच्या १९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकातला, उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉक या भाषांतली. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्ये दाखवलं की त्यातले १६ पॅटर्न लिस्प, डिलनसारख्या भाषांत दिसेनासे तरी होतात किंवा खूप सोपे तरी. इटरेटर, म्हणजे यादीतला एकेक घटक हाती देणारा पॅटर्न, तुम्ही फॉर लूपमध्ये रोज वापरता. पायथनमध्ये स्ट्रॅटेजी म्हणजे आर्ग्युमेंट म्हणून दिलेलं एक फंक्शन. तेव्हा पाठांतर नको. स्ट्रॅटेजी, ॲडॅप्टर (न जुळणारे दोन भाग जोडणारा), ऑब्झर्व्हर (एकात बदल झाला की बाकीच्यांना कळवणारा) एवढे आधी नीट समजून घ्या. सिंगलटन, म्हणजे क्लासचा एकच ऑब्जेक्ट बनू देणारा पॅटर्न, मुलाखतीपुरता ठेवा. तो बहुतेक ठिकाणी कपडे बदललेला ग्लोबल व्हेरिएबल असतो आणि टेस्ट लिहिताना नडतो.

एक सांगायचं राहिलं. माझ्या त्या कोडमध्ये वर एक ॲब्स्ट्रॅक्ट फॅक्टरीही होती (एकमेकांशी जुळणारे ऑब्जेक्ट बनवून देणारा पॅटर्न), तिची काही गरज नव्हती. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. आणि नियम एकाच जागी लिहिलेला असेल, गेली काही वर्षं बदललेला नसेल, तर साधा इफ पुरतो, त्याला हात लावू नका.

सिनियरशी वाद मात्र पॅटर्नच्या नावानं घालू नका. मी तोच घातला आणि हरले. गिटमधला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला, इतिहास काढा, मागच्या तीन-चार नियमबदलांना प्रत्येकी किती फायली उघडाव्या लागल्या ते मोजा, आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा. आमच्याकडे आडतीच्या आधी तोलाईच्या दुरुस्तीलाही पाच फायली उघडाव्या लागल्या होत्या. तो आकडा तेव्हाही समोर होता, मी मोजला नव्हता.