अटक, ताबा आणि स्पॅनिशमधलं 'देतेनेर'

प्रश्न असा आहे: मराठी बातम्यांत 'ताब्यात घेतलं' आणि 'अटक केली' यांत फरक पाळला जातो. मग स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'देतेनेर' आणि दुसऱ्यासाठी 'अर्रेस्तार' वापरायचं का?

नाही. इंग्रजी 'डिटेन' आणि 'अरेस्ट' यांच्याशी असलेल्या साम्यामुळे ही जोडी सुचते, पण स्पेनमध्ये अटकेचा खरा कायदेशीर शब्द 'देतेनेर' हाच आहे. तिथल्या राज्यघटनेच्या 17व्या कलमात 'देतेन्थ्योन' आहे (लॅटिन अमेरिकेत उच्चार 'देतेन्स्योन'). जास्तीत जास्त 72 तासांत त्या माणसाला सोडावं लागतं किंवा न्यायालयापुढे उभं करावं लागतं. म्हणजे 'पोलिसांनी दोघांना अटक केली' याला 'ला पोलिथिया देतुबो आ दोस ओम्ब्रेस' हेच नेमकं.

'अर्रेस्तार' चुकीचं नाही. एकाच बातमीत तोच शब्द पुन्हा नको म्हणून पत्रकार ते सर्रास वापरतात. कायद्याच्या मजकुरात मात्र टाळावं, कारण स्पेनमध्ये 'अर्रेस्तो' हे बराच काळ शिक्षेचं नाव होतं. जुन्या दंडसंहितेतला 'अर्रेस्तो मायोर' म्हणजे एक महिना एक दिवस ते सहा महिने कैद. लष्करात शिस्तभंगाबद्दल आजही 'अर्रेस्तो' होतो. नजरकैदेसाठी 'अर्रेस्तो दोमिथिलिआर्यो' रूढ आहे.

मग 'ताब्यात घेतलं' कसं लिहायचं? खरी अडचण इथे आहे. अटक आणि स्वातंत्र्य यांच्यामध्ये तिसरी अवस्था नाही, असं स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने 1986 मध्येच म्हटलं. माणसाला मनात आलं तरी निघून जाता येत नसेल, तर तो 'देतेनिदो'. फक्त ओळख पटवण्यासाठी ठाण्यात नेलं असेल (2015च्या कायद्यानुसार कमाल सहा तास), तर ते तसंच फोडून लिहावं: 'ओळख पटवण्यासाठी कोमिसारियात (पोलीस ठाण्यात) नेलं'. अर्जेंटिनात यासाठी 'देमोरादो' हा छान शब्द आहे, पण तो माद्रिदच्या बातमीत घालू नये. विमानतळावर थांबवून ठेवलेल्या प्रवाशाला 'रेतेनिदो' चालतं.

मराठी माणसाचं व्याकरण हमखास घसरतं अशा जागा सांगतो. 'देतेनेर' हे 'तेनेर'सारखं चालतं, म्हणून भूतकाळात 'देतुबो' (एकवचन), 'देतुब्येरोन' (अनेकवचन). 'देतेनियो' असं रूपच नाही. आपण 'पोलिसांनी' म्हणतो म्हणून तिथेही अनेकवचन सुचतं, पण 'ला पोलिथिया' एकवचनीच. ज्याला अटक झाली त्या माणसाआधीचा 'आ' ('देतुबो आ दोस ओम्ब्रेस'मधला) गाळू नये. 'फुए देतेनिदो' म्हणजे अटक झाली, 'एस्ता देतेनिदो' म्हणजे अटकेत आहे. 'सेर' ('फुए' हे त्याचंच रूप) आणि 'एस्तार' ('एस्ता') या 'असणे'च्या दोन क्रियापदांची अदलाबदल केली की बातमीचा अर्थच बदलतो.

'देतेनिदो' आणि 'प्रेसो' यांचीही गल्लत करू नका. स्पेनमध्ये पोलिसांकडे असलेला 'देतेनिदो', न्यायाधीशाने तुरुंगात पाठवलेला 'प्रेसो'. लॅटिन अमेरिकेत बोलताना मात्र पोलिसांनी नुकत्याच नेलेल्या माणसालाही 'से लो येबारोन प्रेसो' म्हणतात. संशयितासाठी स्पेनमध्ये पूर्वी 'इम्पुतादो' होता. त्या शब्दाने माणूस दोषीच ठरल्यासारखा वाटे, म्हणून 2015 मध्ये कायद्याने तो बदलून तपासाच्या टप्प्यासाठी 'इन्वेस्तिगादो' आणला. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत 'इम्पुतादो'च चालतो.

'प्रेसुन्तो' (कथित) कुठे लावायचं तेही पाहावं. 'प्रेसुन्तो देतेनिदो' निरर्थक आहे, कारण अटक तर झालेलीच असते. कथित असतो तो गुन्हा. 'देतेनिदो कोमो प्रेसुन्तो आउतोर दे उन रोबो' (चोरी केल्याच्या संशयावरून अटक) हे बरोबर.

अटकेच्या हुकुमाला देशागणिक नाव वेगळं: स्पेनमध्ये 'ओर्देन दे देतेन्थ्योन', आणि माणूस फरार असेल तर 'बुस्का इ काप्तुरा', मेक्सिकोत न्यायाधीशाचा 'ओर्देन दे आप्रेएन्स्योन', कोलंबियात 'ओर्देन दे काप्तुरा'. घरझडतीचा शब्द तर पूर्ण फसवा आहे. अर्जेंटिनात 'आयानामिएन्तो' म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने पोलिसांनी घेतलेली झडती. स्पेनमध्ये 'आयानामिएन्तो दे मोरादा' म्हणजे दुसऱ्याच्या घरात बेकायदा घुसण्याचा गुन्हा. झडतीला तिथे 'रेखिस्त्रो' म्हणतात.