आई-वडिलांचा पहिला शेंगेन व्हिसा: अर्ज कुठे करायचा आणि फाइल कुठे अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील (63) जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, गावाकडे थोडी शेती. आई (58) गृहिणी. दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालेत. 10 ते 21 मे, पॅरिसला 4 रात्री, स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला 4, रोमला 3. जमलं तर पॅरिसहून दोन दिवस लंडन. खर्च पुण्यात नोकरी करणारा मुलगा, म्हणजे मी, करणार. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, आणि नकार येऊ नये म्हणून काय बघायचं?

उत्तर:

आधी लंडन बाजूला ठेवा. शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणारा युरोपीय देशांचा गट. ब्रिटन त्यात नाही, आयर्लंडही नाही. तिथला व्हिसा वेगळा, फी वेगळी, बोटांचे ठसे पुन्हा. शिवाय पॅरिसहून लंडनला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना बहुतेक वेळा एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळतो. तो तिथेच संपतो. लंडनहून स्वित्झर्लंडला परत शिरता येत नाही. दोन दिवसांसाठी हा उपद्व्याप करू नये असं माझं मत. करायचाच असेल तर लंडन शेवटी ठेवा आणि तिथूनच मुंबईचं विमान धरा.

आता अर्ज कुणाकडे. शेंगेनमध्ये आज 29 देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज कुठेही करून चालत नाही. जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम समसमान असेल तर जिथे पहिल्यांदा शिरता, त्या देशाकडे. तुमचं फ्रान्स 4, स्वित्झर्लंड 4 असं बरोबरीत आहे आणि विमान पॅरिसला उतरतंय, म्हणजे फ्रान्स. पुढे कुणीतरी सुचवलं म्हणून इंटरलाकेनची एक रात्र वाढवलीत, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो. म्हणून मुक्काम पक्के झाल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नका. अमुक देशाची अपॉइंटमेंट लगेच मिळते म्हणून तिथली खोटी बुकिंग दाखवायची आणि नंतर रद्द करायची, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. दिलेला व्हिसा रद्दही होऊ शकतो आणि सीमेवरून परतही पाठवतात, हे तो सांगत नाही.

फ्रान्ससाठी आधी फ्रान्स-व्हिसाज या सरकारी संकेतस्थळावर दोघांचे वेगवेगळे फॉर्म भरायचे, छापायचे, मग व्हीएफएसची (दूतावासाच्या वतीने अर्ज आणि ठसे घेणाऱ्या कंपनीची) वेळ घ्यायची. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी पोचावा लागतो. निर्णयाला 15 दिवस धरतात, पण शंका आली तर 45 दिवसांपर्यंत लांबवू शकतात. मेच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र निघालेला असतो, तेव्हा फेब्रुवारीतच उरका. फी मोठ्यांना 90 युरो, म्हणजे दोघांची 180, वर व्हीएफएसचे पैसे. नकार आला तरी यातलं काही परत मिळत नाही.

पासपोर्ट शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन कोरी पानं हवीत. फोटो 35 बाय 45 मिलीमीटर, सहा महिन्यांच्या आतला. लग्नाच्या अल्बममधून कापलेला नको.

खरी गोम पुढे आहे. फाइल जाड असली की व्हिसा मिळतो असा समज आहे. प्रत्यक्षात अधिकारी एक कागद दुसऱ्याशी ताडून बघतो, आणि विसंगती बहुतेक तारखा आणि नावांतच सापडते.

तारखांचं उदाहरण तुमच्याच प्रवासाचं घ्या. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. 10 मेला रात्री दीडचं विमान म्हणजे घरून 9 तारखेला संध्याकाळी निघायचं. मग कव्हर लेटरमध्ये (अर्जासोबतच्या पत्रात) 9 लिहिलं जातं, फॉर्ममध्ये 10, आणि विम्यात 11. हॉटेलं 10 ते 14, 14 ते 18, 18 ते 21 अशी सलग हवीत, मधली एकही रात्र हवेत नको. पॅरिस ते इंटरलाकेन आणि इंटरलाकेन ते रोम कसं जाणार, तेही कार्यक्रमपत्रिकेत लिहा. विमा घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत, म्हणजे 9 ते 22 मे घ्या. तो किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आजारपणात परत आणण्याचा खर्च धरणारा हवा आणि प्रमाणपत्रावर तसं छापलेलं हवं. बीपी-शुगर असेल तर विमा घेताना सांगा. लपवलं तरी व्हिसा मिळेल, पण तिथे दवाखान्यात जायची वेळ आली तर दावा अडेल.

बुकिंगवर दोघांचीही नावं आहेत ना, हे बघा. मुलगा आपल्या खात्यातून हॉटेल घेतो, बुकिंग त्याच्या नावावर, पाहुणे दोन एवढंच. आईचं नाव कुठेच नाही. हॉटेलला कळवून नावं घालून घ्या. विमानाचं तिकीट व्हिसाआधी पैसे भरून काढण्याची गरज नाही, आरक्षण पुरतं. मात्र दोन दिवसांत आपोआप रद्द होणारा भाड्याचा पीएनआर (आरक्षण क्रमांक) देऊ नका. अधिकारी तपासतो तोवर तो नाहीसा झालेला असतो. हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या, पण व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करू नका.

आता आईचं नाव. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी कधी पहिलंही. फॉर्ममध्ये जन्मावेळचं आडनाव असा वेगळा रकाना असतो. तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. बाकी सगळं जसंच्या तसं पासपोर्टप्रमाणे, एक अक्षरही इकडेतिकडे नको. वडिलांच्या आणि आईच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर एकमेकांचं नाव जोडीदार म्हणून असेल तर तोच नात्याचा पुरावा. नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागेल. जुन्या लग्नाची नोंदणी आजही करता येते, ती आत्ताच करून टाका. तुमचं त्यांच्याशी नातं दाखवायला तुमच्या पासपोर्टचं शेवटचं पान पुरतं, त्यावर आई-वडिलांची नावं असतात. आणि सही: आई पासपोर्टवर मराठीत सही करत असेल तर फॉर्मवरही मराठीतच. फॉर्म इंग्रजी आहे म्हणून सहीही इंग्रजीत करायची नाही.

पैशांचे कागद दोघांचेही आणि तुमचेही लागतील. वडिलांचं पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, शाखेचा शिक्का आणि सही असलेलं. नेट बँकिंगची नुसती प्रिंट नेऊ नका. पेन्शनच्या आदेशाची प्रत. विवरणपत्र भरत असतील तर तीन वर्षांचे आयटीआर. तुमच्याकडून तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, स्टेटमेंट, आयटीआर आणि खर्च मी करतोय असं सहीचं पत्र. किती पैसे दिसायला हवेत? फ्रान्सचा अधिकृत हिशेब हॉटेल आधी घेतलेलं असेल तर माणशी दिवसाला 65 युरो, नसेल तर 120. तुमचा प्रवास 12 दिवसांचा, माणसं दोन: 65 गुणिले 24 म्हणजे 1,560 युरो. हा फक्त तिथल्या खर्चाचा किमान आकडा. त्याच्या दुपटी-तिपटीएवढी शिल्लक बरेच महिने खात्यात असलेली बरी.

इथेच बरेच जण चूक करतात. अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून पाच लाख खात्यात टाकून घेतात. स्टेटमेंटमध्ये सहा महिने तीस-चाळीस हजार आणि शेवटच्या ओळीत एकदम पाच लाख, हे कुणाच्याही नजरेत भरतं. त्यापेक्षा खरं तेच दाखवा आणि खर्च मुलगा करतोय हे सांगा. एफडी मोडून पैसे आले असतील तर तिची पावती जोडा, म्हणजे रक्कम कुठून आली ते दिसतं. ऊसबिल जमा झालं असेल तर कारखान्याची पावती.

शेतीचा उपयोग वेगळाच आहे. तिच्यामुळे ही माणसं परत येणार असं वाटायला आधार मिळतो, आणि नकाराचं एक ठरलेलं कारणच मुळी मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका हे असतं. सातबारा, घराचा उतारा किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोबत इंग्रजी भाषांतर. नुसता मराठी सातबारा तिथे कुणी वाचू शकत नाही. फॉर्ममध्ये व्यवसाय मात्र निवृत्त असाच लिहा. एका कागदावर निवृत्त आणि दुसऱ्यावर शेतकरी असं नको. शेतीचं कव्हर लेटरमध्ये एका ओळीत येऊ द्या. ते पत्र एका पानाचं: कोण, कधी, कुठे, पैसे कुणाचे, परत का येणार. युरोप पाहण्याचं लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे वगळा.

ठसे देताना एक अडचण येते ती हातांची. शेतात काम केलेल्या, चिरा पडलेल्या बोटांचे ठसे यंत्र नीट घेत नाही. आठवडाभर रात्री हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावा, जाण्याआधी हात धुऊन कोरडे करा. घरात लग्न असेल तर आईला सांगा, अपॉइंटमेंटआधी बोटांना मेंदी नको. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात.

व्हिसा हाती आला की स्टिकर तिथल्या तिथे वाचा. फ्रान्सच्या स्टिकरवर मजकूर फ्रेंचमध्ये असतो. तीन गोष्टी बघायच्या: कधीपासून कधीपर्यंत, राहण्याचे दिवस किती, प्रवेश किती. यातली पहिली दोन सारखी नसतात आणि तिथेच गल्लत होते. तारखांमध्ये सहसा 15 दिवसांची जादा सवलत धरलेली असते. म्हणजे 10 मे ते 5 जून अशी मुदत आणि खाली दिवस 12 असं दिसू शकतं. याचा अर्थ 5 जूनपर्यंत राहता येतं असा नाही. त्या मुदतीत कुठलेही सलग 12 दिवस, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही पूर्ण मोजायचे. रात्री अकराला उतरलात तरी तो एक दिवस गेला. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक चुकला असेल तर ताबडतोब व्हीएफएसला कळवा.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. पॅरिसच्या विमानतळावर अधिकारी हॉटेल, परतीचं तिकीट, विमा, पैसे पुन्हा मागू शकतो, म्हणून हे कागद सामानात नाही, हातातल्या पिशवीत. 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नोंदणी व्यवस्थेत तिथे चेहऱ्याचा फोटोही घेतात. रांग लांबते, पुढची गाडी तासाभरात पकडायची आखणी करू नका. एटियास म्हणून ज्याची चर्चा असते ती परवानगी ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. तुमच्या पासपोर्टला ती लागत नाही, तिच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

मे महिना आहे म्हणून सांगतो: हापूसची पेटी नेऊ नका. युरोपीय संघात ताजी फळं, भाजी, कढीपत्ता वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. सूट आहे ती केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन या पाच फळांना. तूप, खवा, पनीर हेही बंद. चिवडा, चकली, थालीपिठाची भाजणी बिनधास्त न्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत.

नकार आलाच तर छापील फॉर्मवर कारणावर खूण असते. लगेच पुन्हा अर्ज करायला बंदी नाही, पण तोच कागद तसाच नेलात तर तोच निकाल येतो. खूण ज्या कारणावर आहे, तेवढ्याचंच उत्तर नवीन कागदांनी द्या. आणि ही माहिती शेंगेनच्या सामायिक व्यवस्थेत पाच वर्षं राहते, तेव्हा पुढच्या वेळी दुसऱ्या देशाकडे अर्ज केला तरी आधीचा नकार लपत नाही.

तुमच्याबाबतीत माझ्या मते सगळ्यात आधी दोनच कामं करा: आईचा पासपोर्ट उघडून शेवटचं पान बघा, आणि वडिलांच्या बँकेत जाऊन शिक्क्याच्या स्टेटमेंटला किती दिवस लागतात ते विचारा. या दोन्हींत वेळ जातो, बाकीचं पंधरा दिवसांत होतं.