५.३८ च्या जीपला ओव्हरड्राइव्ह बसवावं की क्राऊन-पिनियन बदलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महिंद्राची सीजे-३बी जीप, दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ चे क्राऊन-पिनियन (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे करणारी गिअरजोडी), पेट्रोलवरचं एफ-१३४ हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) आणि ६.००-१६ टायर. ठाण्याहून नाशिककडे निघालं की साठच्या पुढे इंजिन किंचाळायला लागतं. ट्रान्सफर केसच्या मागे पीटीओच्या (विंचसारख्या जोडसामानाला शक्ती देणाऱ्या) तोंडावर बसणारं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरवणारा जादा गिअर, घ्यावं, की दोन्ही अ‍ॅक्सलचे क्राऊन-पिनियन बदलावेत?

गाडी डोंगरात, नदीपात्रात लो रेंजवर (ट्रान्सफर केसच्या सावकाश, जोरदार गिअरवर) खरोखर चालत असेल तर ओव्हरड्राइव्ह घ्या. ती फक्त डांबरावर फिरत असेल तर ४.२७ चे क्राऊन-पिनियन टाका. स्वस्तात काम होईल आणि बिघडायला एक भाग कमी राहील. या निवडीमागचं गणित मात्र बघून घ्या, कारण ओव्हरड्राइव्हकडून लोक जे मागतात त्यातलं निम्मं त्याच्या हातातच नसतं.

६.००-१६ टायर भारासकट एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. ताशी ८० किमीला चाकाचे मिनिटाला सुमारे ६०६ फेरे होतात. त्याला ५.३८ ने गुणलं की तिसऱ्या गिअरला, म्हणजे थेट १:१ ला, इंजिन ३२६० आरपीएमवर जातं. या इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क २००० आरपीएमच्या आसपास मिळतो आणि स्ट्रोक १११ मिमीचा लांबलचक आहे. ३२६० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो. मिनिटभर चालेल, पण तासभर तसं पळवणं म्हणजे बेअरिंग आणि रिंगांवर अत्याचार. वॉर्नचं जुनं युनिट काय किंवा पुढे अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडाप्टर्सने विकलेलं सॅटर्न काय, दोन्ही २५ टक्क्यांची आहेत, गुणोत्तर ०.७५. म्हणजे ८० ला इंजिन २४४५ वर येतं. आज तुमचं इंजिन ६० ला नेमकं एवढंच फिरतं. ओव्हरड्राइव्हमुळे ८० चा आवाज ६० सारखा होईल, एवढंच. शंभरची अपेक्षा ठेवू नका.

आता ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ती गोष्ट. हे युनिट गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट आणि ट्रान्सफर केसचा पहिला गिअर यांच्या मध्ये बसतं. त्यामुळे आराम मिळतो तो फक्त इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सला. ट्रान्सफर केसचे गिअर, प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियन ८० ला ३२६० नेच फिरत राहतात. इंजिन शांत झालं की इतके दिवस त्याच्या आवाजात दडलेली मागची सगळी कुरकुर ऐकू येते आणि दोष नव्या युनिटवर येतो. ४.२७ टाकले तर ८० ला इंजिन २५९० वर, म्हणजे ओव्हरड्राइव्हपेक्षा जेमतेम दीडशेने वर राहतं, आणि प्रोपेलर शाफ्टही तेवढाच सावकाश फिरतो. हमरस्त्यासाठी मी ४.२७ कडे झुकतो ते यामुळे.

त्याची किंमत मात्र लो रेंजला मोजावी लागते. टी-९० चा पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसची लो २.४३ आणि ५.३८ यांचा गुणाकार ३६.६ होतो. ४.२७ ला तो २९ वर येतो. दगडांच्या चढावर हा फरक पहिल्या दहा फुटांतच कळतो, आणि मग क्लच जळतो. ओव्हरड्राइव्ह डायरेक्टवर, म्हणजे बंद, ठेवलं की ३६.६ जसंच्या तसं हातात राहतं. पुढचे-मागचे दोन्ही क्राऊन-पिनियन एकाच गुणोत्तराचे हवेत हे वेगळं सांगायला नको, तरी भंगार बाजारातून एकच अ‍ॅक्सल आणून फोर-व्हील टाकणारे भेटतातच. दात मोजा: ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. हाऊसिंग उघडायचं नसेल तर पुढच्या चाकांना दगड लावून मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा, दोन्ही चाकं एकदम एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. फक्त ४.८८ टाकून जेमतेम ९ टक्के मिळतात, तेवढ्यासाठी दोन हाऊसिंग उघडू नयेत. ७.००-१६ टायरनेही साधारण तेवढंच मिळतं, वर ब्रेक आणखी कमजोर वाटतात आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो. पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर व्हीलबेस ८० इंच आहे हे त्याला आठवून द्या. बॉक्स लांबला की मागचा शाफ्ट आणखी आखूड होतो आणि जॉइंटचा कोन हाताबाहेर जातो.

ओव्हरड्राइव्हच घ्यायचं ठरलं असेल तर युनिटचे पैसे देण्याआधी स्वतःची ट्रान्सफर केस उघडून बघा. दोन गोष्टी मोजायच्या आहेत: मेनशाफ्टच्या मागच्या टोकावर स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) ६ आहेत की १०, आणि त्यावर बसलेल्या मेन ड्राइव्ह गिअरचे दात २६ आहेत की २९. युनिट या दोन आकड्यांवरच मागवलं जातं. मॉडेलच्या सालावरून अंदाज बांधू नका. आपल्याकडच्या जीपांना कित्येक मिस्त्र्यांचे हात लागलेले असतात, आणि केस एका गाडीची, गिअर दुसऱ्या गाडीचे हे नेहमीचंच. २६ दातांच्या मेन गिअरला जुळणाऱ्या इंटरमीडिएट (मधल्या) गिअरशी २९ चं युनिट जुळत नाही, आणि ते ठोकून बसवायची वस्तू नाही. वापरलेलं युनिट घेत असाल तर हाऊसिंग उघडून प्लॅनेटरी गिअरच्या पिना, बुश आणि सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी पितळी कडी) बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. निळसर झालेली पिन म्हणजे युनिट तेलाविना चाललेलं आहे.

त्याच वेळी केसचं खालचं पत्र्याचं झाकण काढून इंटरमीडिएट गिअर हाताने हलवून बघा. या केसचा जुना आजार इथेच असतो: शाफ्टवर नीडल रोलरचे खड्डे पडलेले, दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर झिजलेले, मागून तेल पाझरणारं. शाफ्टचा व्यास वेगवेगळ्या काळात पाऊण, सव्वा आणि त्या दोहोंमधला १ १/८ इंच असा होता, त्यामुळे शाफ्ट, रोलर आणि वॉशर व्हर्निअरने मोजून एकाच मापाचे घ्या. हा शाफ्ट झिजलेला ठेवून ओव्हरड्राइव्ह बसवलं तर गिअर तिरके भिडतात आणि नवं युनिटच आधी खराब होतं. टी-९० चं मागचं बेअरिंगही आत्ताच बदला. मेनशाफ्ट डुगडुगत असेल तर त्याच्या टोकावर टेकलेलं युनिट मध्यावर राहत नाही.

प्रत्यक्ष बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही. गाडी चारही चाकांवर, चाकांना दगड. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हीचं तेल गरम असताना काढा. पीटीओचं झाकण काढा. या तोंडावर विंच किंवा मागचा पीटीओ लावलेला असेल तर साध्या युनिटसाठी तो सोडावा लागेल. मेनशाफ्टच्या नटाची स्प्लिट पिन काढा, गाडी टू-हाय (फक्त मागची चाकं, हाय रेंज) आणि पहिल्या गिअरला ठेवून नट सोडा, नाहीतर शाफ्टच फिरत राहतो. गिअर स्प्लाइनवरून दोन पायांच्या पुलरने काढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आत सिंक्रोनायझर आणि पायलट रोलर हलू शकतात आणि अर्ध्या दिवसाचं काम बॉक्स उघडण्यावर जातं. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी करण्याची वेळ आलीच तर मेनशाफ्ट पुढे धरून ठेवा, तो केसबरोबर मागे खेचला जातो.

युनिट सरकवण्याआधी ते तेलाने भरपूर भिजवा आणि हाताने दोन्ही स्थितींत फिरवून बघा. स्प्लाइन आणि दात दोन्ही एकदम जुळवावे लागतात. मागचं चाक उचलून कुणीतरी हळू हळू हलवत राहिलं की युनिट आपोआप आत जातं. बोल्ट आवळून ते आत ओढून घेऊ नका. तोंड आणि हाऊसिंग यांत बोल्टच्या जोरावर मिटणारी फट राहत असेल तर काहीतरी अडलेलं आहे. नट किटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कला आवळा आणि पिन नवी घाला. बंद करण्याआधी ट्रान्सफर न्यूट्रलला टाकून शाफ्ट हाताने फिरतो का ते बघा.

लिव्हरचं भोक आधी पाडू नका. लिव्हर जोडून दोन्ही टोकांपर्यंत नेऊन खूण करा आणि सगळीकडून दीडेक सेंटीमीटर जागा सोडा. इंजिन-गिअरबॉक्स रबरावर हलतात. लिव्हर फ्लोअरच्या पत्र्याला टेकलं की उतारावर ओव्हरड्राइव्ह आपोआप निसटतं, आणि मग लोक आतलं स्प्रिंग बदलत बसतात.

तेलावर थोडं जास्त लिहितो, कारण ही युनिटं बहुतेक वेळा तेलानेच मरतात. ओव्हरड्राइव्हला स्वतःचं तेल नसतं, ते ट्रान्सफर केसचंच तेल वापरतं. केसमध्ये साधारण दीड लिटर मावतं, युनिटमुळे त्याहून जास्त लागेल, म्हणून माप न बघता लेव्हल प्लगपर्यंत भरा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून सपाट जागी पुन्हा बघा. पातळी हमखास उतरलेली असते. टी-९० आणि स्पायसर १८ यांच्यामधून तेल इकडचं तिकडे जातं, म्हणून गिअरबॉक्सचा प्लगही त्याच वेळी उघडा: तिथून भळभळून तेल आलं तर ट्रान्सफर केस कोरडी पडतेय असं समजा. दोन्हींत एकच तेल घाला, ९० ग्रेडचं जीएल-४. जीएल-५ मधले घटक पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. केस गळकी असेल तर आधी सील. दर महिन्याला वरून भरत राहू म्हणणाऱ्याने ओव्हरड्राइव्ह घेऊच नये.

वापरताना क्लच दाबूनच बदला आणि बदलताना पायाने आरपीएम जुळवा. सिंक्रो आहे म्हणून ढकलून चालत नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा टॉर्क २.८ पट होऊन युनिटवर येतो, त्यामुळे ओझं ओढताना, लो रेंजमध्ये आणि रिव्हर्सला डायरेक्टवरच ठेवा. तिसरा आणि ओव्हरड्राइव्ह मिळून एकूण गुणोत्तर ४.०३ होतं. ताशी ५५ च्या खाली इंजिन १७०० च्याही खाली जातं आणि गुदमरतं, तिथे डायरेक्टला परत या. खरी मजा दुसऱ्या गिअरला आहे: दुसरा १.५५, दुसरा अधिक ओव्हरड्राइव्ह १.१६, मग तिसरा १.०. कसारा घाटात ट्रकमागे तिसऱ्याला दम लागतो आणि दुसऱ्याला इंजिन ओरडतं, त्या मधल्या जागी १.१६ नेमका बसतो. उतरताना मात्र ओव्हरड्राइव्ह काढा, इंजिनचा ब्रेक पाव हिश्शाने कमी झालेला असतो.

आणि ब्रेक. ६० ऐवजी ८० ला थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त असते. ९ इंची ड्रम आणि एकच मास्टर सिलिंडर यांच्या भरवशावर रोज ८० ने जायचं असेल तर सिलिंडर, होज आणि लाइनर आधी नवे करा, जमल्यास नंतरच्या काळातल्या महिंद्रांचे ११ इंची ड्रम घाला. स्टिअरिंगचा रॉस बॉक्स आणि बेलक्रँक यांत खेळ असेल तर ७० नंतर गाडी रस्ताभर भटकते. हे दोन खर्च युनिटच्या आधीचे आहेत.

स्पीडोमीटर बदलावा लागत नाही. त्याचा गिअर ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुट शाफ्टवर, म्हणजे ओव्हरड्राइव्हच्या पलीकडे असतो. जुना ड्राइव्ह गिअर आणि झाकण ग्रीस लावून जपून ठेवा, गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते. २०२१ च्या केंद्रीय नियमांतली ५० वर्षांवरच्या व्हिंटेज वाहनांची अट चॅसी, बॉडी शेल आणि इंजिनमधल्या बदलांबद्दल बोलते, हे युनिट त्यात मोडत नाही. पण व्हिंटेज नोंदणी केली की गाडी नेहमीच्या वापराला काढता येत नाही, मग नाशिकच्या फेऱ्यांसाठी हा खटाटोप कशाला, हाही विचार करा.

बसवल्यावर फक्त ओव्हरड्राइव्हमध्ये बारीक शीळ येते, ती प्लॅनेटरी गिअरची आणि चालण्यासारखी. डायरेक्टलाही तोच आवाज असेल तर इंटरमीडिएट गिअरकडे जा. ५०० किलोमीटरला तेल काढून पांढऱ्या कपड्यावर गाळा. सोनेरी धूळ थोडी निघते, ती सिंक्रो बसत असल्याची. पोलादाच्या कपच्या किंवा चुंबकाला चिकटणारे तुकडे निघाले तर गाडी पुढे चालवू नका, युनिट बाहेर काढा आणि आधी बुश बघा.